शाफ्ट मागवण्याआधी नटाकडे बघा

मार्च उजाडला की ब्रिटनमधल्या हौशी मंडळींच्या दोन आसनी गाड्या ताडपत्रीखालून बाहेर निघतात आणि माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. यंदाची रांग जवळजवळ सगळी मागच्या चाकांच्या शाफ्टांची, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांची आहे. लेस्टरहून, टोरांटोहून, न्यू जर्सीहून, म्युनिकहून आणि अर्थातच पुण्याहून. गाड्या वेगवेगळ्या, गोंधळ मात्र एकच. मागून आवाज आला म्हणजे शाफ्ट गेला आणि शाफ्ट गेला म्हणजे दोन नवे मागवा, असं सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतं. मी कॉव्हेन्ट्रीत बसून हेच काम करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत मूळ शाफ्टाची पोलादी दांडी शाबूत असते. गेलेलं असतं दुसरंच काहीतरी, बहुधा फार स्वस्तातलं.

प्रश्नांकडे वळण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या जातीचा शाफ्ट आहे एवढं माहीत करून घ्या. एमजी मिजेट किंवा एमजीबीसारख्या गाड्यांत मागचा अख्खा एक्सल एकसंध असतो आणि हाफ शाफ्ट त्या नळीच्या आत फिरतात. ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या गाड्यांत शाफ्ट उघडा असतो, डिफरन्शियलजवळच्या (म्हणजे दोन्ही मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीजवळच्या) एकाच सांध्यावर चाकासकट वरखाली झुलतो. माझदा एमएक्स-५, होंडा एस-२०००, पोर्श ९४४ यांत चाक स्वतंत्र हलतं आणि शाफ्टाला दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोन बदलला तरी एकसारख्या वेगाने फिरणारे सांधे असतात. एका जातीचा सल्ला दुसरीला लावला की घोळ झालाच.

प्रश्न : माझी १९९१ची एमएक्स-५ आहे. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला रबरी बूट (जॉइंटवरचं आवरण) फाटलाय, ग्रीस रिमवर उडालंय. आवाज मात्र काहीच नाही. एमओटी (ब्रिटनमधली गाडीची सक्तीची तपासणी) जूनमध्ये आहे, तोवर चालेल ना? (लेस्टर)

नाही.

आवाज नाही म्हणूनच आत्ता करायचं. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच फटीतून पाणी, वाळू आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत जातं. सीव्ही जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा अगदी बारीक मापाच्या असतात. त्यात वाळू गेली की खाचांना खड्डे पडतात आणि वळताना कट-कट ऐकू येते. तुम्हाला ती कट-कट ऐकू येईल त्या दिवशी नुसता बूट बदलून भागणार नाही, जॉइंटच बदलावा लागेल. आज बूट, दोन क्लिपा, ग्रीसची पुडी आणि एका दुपारचं काम आहे. एमओटीचं म्हणाल तर धूळ-चिखल अडवू न शकणारा फाटका बूट हा मोठा दोष धरतात, म्हणजे गाडी नापास. जूनपर्यंत थांबून तुम्ही काय मिळवणार आहात ते मला कळलं नाही.

चिकटवून लावायचे दुभंगलेले बूट मिळतात, शाफ्ट न काढता बसतात अशी त्यांची जाहिरात असते. तसले घेऊ नका. जोडाच्या जागी ग्रीस लागलं की डिंक धरत नाही, आणि आत गेलेली घाण धुतली जात नाही ती वेगळीच. शाफ्ट काढा, जॉइंट उघडा, धुवा, खाचांवरून बोट फिरवा. खड्डा लागला तर फोटो काढून एमएक्स-५ जाणणाऱ्या एखाद्या गॅरेजला दाखवा आणि मगच पुढचं ठरवा.

प्रश्न : ग्रीस कुठलं भरायचं? आमच्याकडे बेअरिंगचं ग्रीस डबाभर आहे.

बूटच्या संचासोबत येतं तेच, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच.

प्रश्न : एका वेबसाइटवर दोन्ही पूर्ण शाफ्ट, नवे कोरे, आजीवन हमीसह, एका मूळ शाफ्टाच्या चौथ्या हिश्श्यात मिळताहेत. जुने दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे बरं नाही का?

आजीवन हमी कुणाच्या जीवनाची, ते आधी विचारा. अशा हमीत शाफ्ट पुन्हा मोडला तर ते दुसरा तसलाच शाफ्ट पाठवतात. तो काढण्या-बसवण्याची मजुरी, सांडलेलं डिफरन्शियलचं ऑइल, टोइंगचा खर्च, हे सगळं तुमच्या खिशातून. दर दोन वर्षांनी एक शाफ्ट फुकट मिळत असेल आणि तो बसवायला दर दोन वर्षांनी गॅरेजचं बिल भरावं लागत असेल, तर हमी नक्की कुणाच्या फायद्याची झाली?

या स्वस्त शाफ्टांत काय असतं ते ऐका. रबर हलकं असतं, दोन हिवाळ्यांत त्याला चिरा जातात. जॉइंटचं पोलाद वरवर कडक केलेलं असतं, तो थर झिजला की झीज धावत सुटते. लांबी किंचित चुकलेली असली की सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर आतला सांधा बुडाला टेकतो. ज्या गाड्यांना एबीएस आहे त्यांच्या शाफ्टावर दातांचं कडं असतं. ते विसरलेलं असतं, नाहीतर दातांची संख्या वेगळी असते, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून लोक मला सेन्सरबद्दल पत्र लिहितात.

दुसरी युक्ती ‘रीकंडिशन’ या शिक्क्याची. चांगल्या ठिकाणी याचा अर्थ असा की मूळ कंपनीचा शाफ्ट उघडून, खाचा पुन्हा घासून, किंचित मोठ्या गोळ्या घालून, नवे बूट लावून दिला. वाईट ठिकाणी धुतला, काळा रंग मारला, विकला. म्हणून ते तुमच्याकडून जुना शाफ्ट परत मागतात आणि तो मिळेपर्यंत अनामत ठेवून घेतात. तुमचा जुना मूळ शाफ्ट त्यांना हवा असतो, कारण त्याच्या पोलादाला किंमत आहे! मग तो तुम्हीच का देऊन टाकताय? दांडी आणि जॉइंट चांगले असतील तर आपला मूळ शाफ्ट नव्या बुटांसह परत बसवणं हेच मी सुचवेन. जॉइंट गेला असेल तर चेसिस नंबर सांगून मूळ कंपनीकडे किंवा तिला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाकडे सुटा जॉइंट मिळतो का ते विचारा.

प्रश्न : १९९१च्या १.६ एमएक्स-५ला भंगारातल्या १.८चे शाफ्ट लागतील का? विकणारा म्हणतो, ‘सगळे सारखेच.’

सारखे नाहीत. १.८ला डिफरन्शियल मोठं आहे, त्यातलं मोठं दातांचं चाक (क्राउन व्हील) सहाऐवजी सात इंची. बदलायचंच असेल तर डिफरन्शियल, दोन्ही शाफ्ट आणि गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट असा संच घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये पुढे कमी ताकदीची १.६ पुन्हा आली होती, त्यामुळे नुसत्या इंजिनाच्या आकड्यावरूनही अंदाज बांधू नका. चेसिस नंबर घेऊन विचारा.

प्रश्न : शाफ्ट बदलताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मोठा नट जुनाच लावला तर चालेल का? शेजारी म्हणतो, थोडं लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लावून इम्पॅक्ट गनने थांबेपर्यंत घट्ट केलं की झालं. त्याने स्वतःच्या गाडीला तसंच केलंय, दोन वर्षं काही झालं नाही. (टोरांटो)

शेजाऱ्याच्या गाडीला दोन वर्षांत काही झालं नाही याचा पुरावा म्हणजे शेजाऱ्याचा शब्द. त्या गाडीचं मागचं चाक उचलून, हाताने फिरवून, बेअरिंग घरघरतंय का ते कुणी बघितलंय? बघा एकदा.

आता नीट बसून वाचा. शाफ्टाचं सगळं काम एका बाजूला आणि हा नट दुसऱ्या बाजूला, एवढं त्याचं महत्त्व आहे. लोकांना वाटतं, नट म्हणजे शाफ्ट निसटू नये म्हणून लावलेली अडसर. ते त्याचं अगदी दुय्यम काम झालं. अशा गाड्यांत मागच्या चाकाचं बेअरिंग दोन ओळींच्या गोळ्यांचं असतं आणि त्याची आतली कडी दोन वेगळ्या तुकड्यांत असते. ते दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरणारं दुसरं काहीही तिथे नाही. हब एका बाजूने, शाफ्टाच्या जॉइंटचा खांदा दुसऱ्या बाजूने, आणि दोघांना आवळणारा हा नट. म्हणजे बेअरिंगचा ताण नटावर ठरतो. नट ढिला असेल तर कडीचे तुकडे किंचित विलग होतात, गोळ्या खाचेच्या मधोमध धावण्याऐवजी काठावर आपटतात, आणि काही हजार किलोमीटरांत घरघर सुरू होते. मग लोक टायर बदलतात, मग बेअरिंग बदलतात आणि नवं बेअरिंगही त्याच नटाने, त्याच गनने आवळतात. वर्षभरात पुन्हा तेच. याला ते ‘या मॉडेलची खोड’ म्हणतात.

दुसरा परिणाम स्प्लाइनवर होतो. हबच्या आतल्या आणि शाफ्टावरच्या खाचा एकमेकींत घट्ट बसल्या तरी त्यांच्यात केसाएवढी जागा असते. नटाचा दाब पुरेसा असेल तर दाबलेल्या सपाट तोंडांमुळे खाचा त्या जागेत हलत नाहीत. दाब कमी असेल तर प्रत्येक वेळी क्लच सोडताना खाचा एकमेकींवर आपटतात. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकताना मागून एकच ‘टक्’ ऐकू येतो ना, तो बऱ्याचदा याच जागेचा. त्या ‘टक्’साठी दोन्ही शाफ्ट बदलून आलेले लोक मी पाहिले आहेत. आवाज गेला, कारण नवीन शाफ्ट बसवताना नट नीट आवळला गेला. श्रेय शाफ्टाला मिळालं.

आता आकडा. उदाहरणार्थ, पहिल्या पिढीच्या एमएक्स-५साठी या नटाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, साधारण २१६ ते २९४ न्यूटन-मीटर आहे. मध्ये २५० धरा. ६० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे ४२ किलोचं वजन टांगल्याएवढा हा जोर आहे. घरच्या पेटीतल्या लहान पान्ह्याने एवढं आवळलं जात नाही, आणि गनने किती आवळलं ते गनलाही माहीत नसतं. हवेचा दाब, नळीची लांबी, सॉकेटचं वजन, आट्यांवरचं तेल, सगळ्यांनी आकडा बदलतो. कमी झालं तर वर सांगितलेलं होणार. जास्त झालं तर आटे ताणले जातात, बेअरिंग तापतं. ३०० न्यूटन-मीटरपर्यंत मोजणारा टॉर्क रेंच भाड्याने आणा किंवा तेवढ्यासाठी गॅरेजमध्ये जा. दहा मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणणार नाही.

जुना नट का नको? या नटाच्या पातळ कॉलरला शाफ्टाच्या खाचेत ठोकून खळगा पाडलेला असतो, तो सुटू नये म्हणून. काढताना तो खळगा छिन्नीने आधी सरळ करायचा. तसं न करता जोर लावाल तर शाफ्टाचे आटे खरवडले जातील आणि मग खरोखरच नवा शाफ्ट लागेल. एकदा वाकवून सरळ केलेलं पोलाद त्याच जागी पुन्हा वाकवलं की चिरतं. दुसऱ्या जागी ठोकावं म्हटलं तर नव्या टॉर्कला नट नेमका कुठे थांबेल ते तुमच्या हातात नाही. लॉकटाइट चांगली वस्तू आहे, पण या खळग्याची जागा ती घेत नाही. नवा नट काही पौंडांचा किंवा डॉलरांचा असतो. तुमच्या गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. त्यावर वाचवायचं म्हणजे कमाल झाली.

आणि क्रम. जुना नट फोडताना, म्हणजे पहिला हिसका देताना, चाक जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असावा. फक्त अर्धा फेरा, तेवढ्यावर थांबा आणि गाडी उचला. ढिल्या नटावर गाडी पुढे-मागे ढकलायची नाही. बसवताना गाडी उचललेली असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला बसवून, नट पूर्ण टॉर्कला आवळा. मगच चाक जमिनीला लावा. पुष्कळ जण ‘आधी खाली घेऊ, मग आवळू’ म्हणतात आणि मधल्या पाच मिनिटांत ढिल्या बेअरिंगवर गाडीचा सगळा भार टाकतात. कॅनडातल्या मिठामुळे शाफ्ट हबमध्ये गंजून बसला असेल तर त्याच्या टोकावर हातोडा मारू नका. पुलर लावा, भेदक तेल सोडा, रात्रभर राहू द्या. तरीही हलला नाही तर हबसकट सगळं प्रेसवाल्याकडे न्या. गाडी कुठली आणि कुठल्या वर्षाची ते तुम्ही कळवलेलं नाही, तेव्हा टॉर्कचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून पक्का करूनच हात घाला.

प्रश्न : एस-२००० आहे, स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली आहे. तासाला साठ मैलांच्या पुढे जोरात ॲक्सिलरेटर दाबला की मागून सगळी गाडी थरथरते, पाय काढला की शांत. इथल्या दुकानाने दोन नव्या शाफ्टांचं कोटेशन दिलं. तपासणीत तर कुणी काही म्हटलं नाही. (न्यू जर्सी)

तुमच्याकडे खासगी गाड्यांची तपासणी २०१०पासून धुरापुरतीच होते. तिथे शाफ्टाकडे कुणी बघत नाही, तेव्हा तो दाखला विसरा.

जोर दिल्यावर थरथर आणि पाय काढताच शांत, हे लक्षण मात्र तुम्ही छान टिपलंय. टायरचं बॅलन्स बिघडलं असतं तर पाय काढल्यावरही थरथर राहिली असती. या गाडीत आतला सांधा तीन रोलरांचा आहे. एका वाटीत तीन उभ्या खाचा, आणि त्यांत तीन रोलर आत-बाहेर सरकतात. गाडी खाली घेतली की शाफ्टाचा कोन बदलतो, रोलर एका ठरावीक जागी जास्त वाढलेल्या कोनात काम करतात आणि तिथे खाचेच्या भिंतीवर चर पडतो. जोर दिला की रोलर त्या चरात अडकून फिरतात, ती थरथर.

आता गंमत बघा. पुढे जाताना खाचेच्या एकाच भिंतीवर भार येतो. समोरची भिंत जवळजवळ कोरी राहते. म्हणून डावीकडची वाटी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावली की फिरण्याची दिशा उलटते आणि कोऱ्या भिंतीवर काम सुरू होतं. या गाडीच्या मालकांत हा उपाय चांगलाच माहितीचा आहे. खर्च मजुरी, ग्रीस, क्लिपा आणि माझा आवडता नट (या गाडीला ३६ मिलिमीटरचा सॉकेट लागतो) एवढाच. डिफरन्शियल आणि वाटीच्या मधे घालायच्या चकत्याही मिळतात. त्यांनी रोलर खाचेत दुसऱ्या जागी सरकतात. पण त्यांनी आत सरकायची जागा कमी होते, आणि खाली घेतलेल्या गाडीत ती किती उरते हे मोजल्याशिवाय घालू नयेत. चकती विकणारा मोजून देत नाही.

दुकानाला सांगा, आतली वाटी उघडून चर दाखवा. दिसला तर अदलाबदल करून घ्या. दाखवायला तयार नसतील तर दुसरं दुकान शोधा. वाटी उघडण्याआधी डिफरन्शियलला धरून ठेवणारे रबरी आधार फाटलेत का तेही बघायला सांगा.

प्रश्न : पोर्श ९४४च्या शाफ्टाचे आतले बोल्ट निघत नाहीत. एकाचं डोकं गोल झालं. आता वेल्डिंग करून काढू का? (म्युनिक)

थांबा. ९४४ला गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला जोडून असतो आणि प्रत्येक जॉइंट सॉकेट-डोक्याच्या बोल्टांनी फ्लँजला (चपट्या कड्याला) आवळलेला असतो. त्या डोक्यांच्या खळग्यात वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि खडी सिमेंटसारखी बसलेली असते. बिट वरवर टेकतं आणि खळगा फिरून जातो. उरलेल्या प्रत्येक खळग्यातली घाण अणकुचीदार सळीने कोरून काढा, ब्रेक क्लीनरने धुवा, खळगा कुठल्या जातीचा आहे ते नीट पाहून त्याच मापाचं नवं बिट हलक्या ठोक्यांनी पूर्ण आत बसवा आणि मगच जोर लावा. बिघडलेला एक बोल्ट शेवटी ठेवा. बाकीचे निघाले की त्याच्यावरचा ताण बदलतो आणि बरेचदा तो पकडीनेही वळतो. वेल्डिंग शेजारी रबरी बूट आणि ग्रीस असताना, गाडीखाली झोपून, घरच्या गॅरेजात करू नका. ते ज्याचं रोजचं काम आहे त्याला करू द्या. बसवताना सगळे बोल्ट नवे घ्या आणि थोडं चालवून झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासा. हे बोल्ट ढिले होतात, आणि एक पडला की बाकीचे त्याच्या मागोमाग जातात.

प्रश्न : काका, माझ्याकडे आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मागचं एक चाक डगमगतं. भोसरीतला टर्नर म्हणतो, चांगल्या पोलादातून लेथवर नवा एक्सल शाफ्ट काढून देतो. ट्रायम्फ स्पिटफायरचे शाफ्ट हिला लागतात असंही ऐकलं. काय करू? (पुणे)

ही गाडी स्पोर्ट्स कार नव्हे, पण हिचं उत्तर द्यायलाच हवं. १९६२ साली आलेली स्पिटफायर हेराल्डच्याच मांडणीवर उभी होती आणि हेराल्ड मद्रासला बनायची. मागचा एक्सल एकाच घराण्यातला.

बाळा, आधी गाडी उभी कर. एमएक्स-५चा शाफ्ट मोडला तर गाडी रस्त्यात थांबते. तुझ्या गाडीचा मोडला तर चाक निघून जातं, कारण इथे शाफ्ट ताकदही नेतो आणि चाकाला जागेवरही धरून ठेवतो. हेराल्ड-स्पिटफायर मंडळींमध्ये मागचं चाक सुटल्याच्या गोष्टी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत.

डगमगीची कारणं दोन. एक, हब शाफ्टाच्या निमुळत्या टोकावर एका चावीसह (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यासह) बसतो आणि नटाने आवळलेला असतो. नट ढिला राहिला तर चावी आणि निमुळता भाग दोन्ही खाल्ले जातात (पुन्हा नट!). दोन, शाफ्टाला आधार देणाऱ्या बेअरिंगांपैकी एक सुईच्या रोलरांचं असतं आणि ते रोलर थेट शाफ्टावर फिरतात. ग्रीस पोचलं नाही की शाफ्टावर चर पडतो. नख फिरवून चर लागला तर शाफ्ट संपला. नवं बेअरिंग त्याच्यावर घालून उपयोग नाही.

हब काढायला नेमका पुलर लागतो. साधा दोन पायांचा पुलर हबची कड वाकवून ठेवतो. नट पूर्ण काढू नकोस, दोन-तीन आट्यांवर राहू दे. हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करत सुटतो, आणि नट नसेल तर पुलरसकट अंगावर येतो. चेहरा समोर ठेवायचा नाही.

टर्नरबद्दल. त्याच्या लेथवर माप बरोबर येईल, मला शंका नाही. पण शाफ्ट म्हणजे नुसतं माप नव्हे. पोलादाची जात, त्याला दिलेली उष्णता, वरच्या थराचा कडकपणा आणि जिथे जाडी बदलते तिथली गोलाई, यावर तो किती वर्षं टिकणार हे ठरतं. लेथवर तिथे धारदार कोपरा राहिला की चीर तिथूनच सुरू होते, आणि ती आतल्या दिशेने वाढत जाते, नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. ‘चांगलं पोलाद’ म्हणजे नक्की कोणतं, आणि उष्णता-प्रक्रियेचा दाखला देणार का, एवढं त्याला विचार. दाखला मिळणार नसेल तर या जागेसाठी नको. बुश, स्पेसर जे काय करून घ्यायचं ते खुशाल करून घे.

ब्रिटनमध्ये या गाड्यांचे सुटे भाग अजून बनतात, कारण चालवणारे पुष्कळ आहेत. पण ‘स्पिटफायरचा’ एवढं सांगून मागवू नकोस. नंतरच्या स्पिटफायरमध्ये मागची रुंदी वाढवायला दोन्हीकडचे शाफ्ट प्रत्येकी एक इंच लांब केले होते. जुना काढून लांबी, स्प्लाइनचे दात आणि फ्लँजच्या भोकांचं अंतर मोज, फोटो पाठव, विकणाऱ्याकडून लेखी होकार घे आणि मगच पैसे भर. कस्टमचा खर्चही आधी धर. जुना मूळ शाफ्ट हातात घेतलास आणि चर नसेल, तर पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात चुंबकीय चाचणीने चीर शोधून देणारे आहेत, त्यांच्याकडून तपासून घे. तोवर गाडी घरात.

प्रश्न : एका बाजूचा शाफ्ट बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा का?

तो खराब असेल तर.

प्रश्न : डिफरन्शियलच्या बाजूचं ऑइल सील बदलू का?

शाफ्ट बाहेर आहे तोवर, हो. आणि ऑइलची पातळी सपाट जमिनीवर बघा.

प्रश्न : स्टँड एकच आहे. दुसऱ्या बाजूला विटा चालतील का?

वीट अचानक फुटते, आधी सांगत नाही. चार स्टँड, म्हणजे आपल्या गॅरेजांतल्या घोड्या, विकत घ्या, नाहीतर गाडी लिफ्ट असलेल्या माणसाकडे न्या. यावर चर्चा नाही.

प्रश्न : शाफ्ट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावं लागेल का? एमएक्स-५ आहे.

खालच्या आर्मच्या आतल्या टोकाचे बोल्ट मध्यापासून बाजूला सरकलेल्या कॅमवर असतात, अलाइनमेंट तिथे ठरतं. त्यांना हात न लावता फक्त बाहेरच्या टोकाचा लांब बोल्ट काढून काम झालं तर बहुधा नाही लागणार. तो लांब बोल्ट ब्रिटनमध्ये गंजून बसलेला असतो, त्याला आदल्या दिवसापासून तेल पाजा. पंचवीस-तीस वर्षांची गाडी असेल तर तरीही एकदा मोजून घेतलेलं बरं.

प्रश्न : जुना शाफ्ट काढून ठेवलाय, नवा पार्सलने यायला दोन आठवडे आहेत. गाडी ड्राइव्हवेमधून बाजूला ढकलायची आहे. शाफ्टाशिवाय चाकावर ढकलता येईल ना? गिअर तर लागणारच नाही.

गिअरचा प्रश्न नाही, बेअरिंगचा आहे. शाफ्ट नाही म्हणजे नट नाही, आणि नट नाही म्हणजे बेअरिंगचे दोन तुकडे मोकळे. वर टोरांटोच्या वाचकाला लिहिलंय ते वाचा. ढकलायचीच असेल तर जुन्या शाफ्टाचा बाहेरचा जॉइंट दांडीपासून सुटा करून, नुसता तोच हबमध्ये घाला, जुना नट लावून टॉर्क रेंचने आवळा आणि मग ढकला. हा नट नव्या शाफ्टाला पुन्हा वापरायचा नाही. जॉइंट सुटा करता येत नसेल तर त्या बाजूखाली चाकांची ट्रॉली सरकवा, किंवा पार्सल येईपर्यंत शेजाऱ्याची गाडी बाहेर लावायला सांगा.